सासूबाईंची छपाई

आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळे मला हाक मारतात. मी झाकण उघडतो, कागद ओढतो, तो फाटतो आणि उरलेला तुकडा काढायला मेकॅनिक येतो. पण पहिली हाक मला असते, हे महत्त्वाचं. त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "या चित्राच्या प्रती काढायच्यात, भरवशाचा छपाईवाला शोधायला हवा," तेव्हा मी हातातला पेपर बाजूला ठेवून म्हणालो, "ते माझ्यावर सोड!"

(काही वाक्यं बोलण्यापेक्षा ऐन वेळी ठसका लागलेला परवडतो.)

माझी बायको चित्रकार आहे. नवऱ्याने कौतुक करायचं म्हणून करतोय असं समजू नका. मला चित्रातलं काही कळत नाही, तरी तिच्या चित्रापुढे मी गप्प होतो, आणि मी गप्प होणं ही काय चीज आहे ते आमच्या ऑफिसात विचारा. हे चित्र आमच्याकडेच राहणाऱ्या तिच्या आईचं होतं. खिडकीशी बसून सासूबाई सुईत दोरा ओवतायत, एवढंच. पण पांढऱ्या भिंतीवर ते पांढरे केस असे काही उतरले होते की वाटावं, खिडकी उघडली तर भुरभुरतील.

तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन ठरलं होतं. हे चित्र विकायचं नाही, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं. प्रदर्शनवाले म्हणाले, "मग उत्तम प्रती तरी ठेवा." ती इतर चित्रांच्या चौकटी करून घ्यायला गेली, आणि मी सासूबाईंना काखोटीला मारून निघालो. म्हणजे त्यांच्या चित्राला.

चौकातच एक दुकान होतं. आत गाडीएवढं यंत्र घरघरत होतं. मोठं यंत्र म्हणजे मोठं काम, असा मी हिशेब केला.

"साइझ?" दुकानदाराने विचारलं.

"बारा बाय अठरा." (मी इंचात बोलत होतो. तो फुटात ऐकत होता.)

"लावायचंय कुठे?"

"हॉलमध्ये."

"हॉल मोठा दिसतोय!"

"प्रशस्त आहे," मी अभिमानाने म्हणालो.

त्याने चित्र निरखलं. "बाई उभ्या आहेत का?"

"नाही हो, बसल्यात. सुई ओवतायत."

"तसं नव्हे, निवडणुकीला! खाली नाव, निशाणी काही टाकायचं?"

"छे छे, नुसतं चित्र."

"रंग जरा खुलवून देऊ?"

"खुलवा की!" मी म्हणालो. फुकटात मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी माल घ्यायला गेलो, तर त्याने माझ्या खांद्यावर सतरंजीसारखी एक गुंडाळी ठेवली. मला वाटलं, बऱ्याच प्रती एकत्र गुंडाळल्यात. ती जिन्याच्या वळणावर अडकली, दारात मावेना, म्हणून मी ती थेट गच्चीवर नेली आणि उलगडू लागलो. आधी मांडी आली, मग हात, मग हनुवटी. मी चालत राहिलो. बऱ्याच वेळाने नाक आलं. कपाळापर्यंत पोचलो तेव्हा गच्ची संपली होती.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई धुतलेले कपडे घेऊन वर आल्या. पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत त्या स्वतःच पसरल्या होत्या, आणि त्यांचा रंग पिकलेल्या आंब्यासारखा होता.

बादली खाली ठेवून त्या स्वतःच्या कडेकडेने एक फेरी मारून आल्या.

"जावईबापू, मला कावीळ कधी झाली?"

"रंग खुलवलेत, आई."

"आणि ही सुई आहे की पहार?"

एवढ्यात मागून बायको आली. ती त्या अवाढव्य आईकडे बघून हसेल किंवा माझ्यावर ओरडेल, दोन्हीची मी तयारी ठेवली होती. तिने पुढे येऊन फक्त विचारलं, "मूळ चित्र कुठंय?"

मी ते काखेतून काढलं. एका कोपऱ्याला दुमड पडली होती.

ती चित्र दोन्ही हातांवर घेऊन, झोपलेलं मूल न्यावं तशी खाली गेली. मी त्या पिवळ्या हनुवटीवरच बसून राहिलो. सासूबाईंनी कपडे वाळत घातले आणि जाता जाता म्हणाल्या, "उठा आता. तोंडावर बसलायत माझ्या."

तो कोपरा बायकोने ओलसर टिपकागदाखाली, वर पुस्तकांचं वजन ठेवून सरळ केला. मग म्हणाली, "चला. पिशवी धरायला या, आणि बोलू नका."

त्यानंतर मी जे पाहिलं, त्याने मी थक्क झालो. एरवी भाजीवाल्याला "कालची आहे का?" एवढंही न विचारणारी माझी बायको! मूळ चित्र घरीच ठेवून तिने सरावासाठी काढलेलं आईचंच एक जुनं चित्र बरोबर घेतलं होतं; त्यातही तसेच पांढऱ्यावर पांढरे केस होते.

पहिला छपाईवाला म्हणाला, "बाई, सुरकुत्या काढून टाकतो, वीस वर्षांनी तरुण दिसतील." बायको म्हणाली, "त्या सुरकुत्या काढायला मला महिना लागलाय," आणि बाहेर पडली.

दुसऱ्याने सुरेख प्रत काढून दिली. मी "वा!" म्हणणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आता आणखी एक काढा." दुसरी प्रत आली. दोन्ही शेजारी ठेवल्या, तर एकीतली भिंत गुलाबीसर, दुसरीतली हिरवट. एकाच आईच्या दोन घरी दोन भिंती! मला आयुष्यात सुचलं नसतं.

तिसऱ्या ठिकाणी तिने कागद बोटांनी चाचपला, उन्हात धरला, शाई किती वर्षं टिकेल ते विचारलं. तिथल्या माणसाने नमुन्याची एक पट्टी काढून दिली. ती खिडकीत घेऊन गेली आणि म्हणाली, "केसांतली निळी छटा गेलीय."

त्याने पट्टी हातात घेतली, बराच वेळ पाहिली. "खरंय. माझंच चुकलं. पुन्हा काढतो." पुन्हा काढलेलीही तिने परत केली. त्याने ना कपाळाला आठी घातली, ना सबब सांगितली. तिसऱ्या पट्टीत केस भुरभुरले.

"इथेच करायचं," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

"अगं, पण हाच तर दोनदा चुकला!"

"चूक कबूल केली त्याने. तोच भरवशाचा."

"मी तर रोज कबूल करतो!"

"कबूल करून तो सुधारतो हो," ती म्हणाली.

प्रदर्शन झालं. त्या चित्राच्या प्रतीपुढे लोक येऊन थांबत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून डोळे पुसले. सासूबाई स्वतः जवळ जाऊन, डोळे बारीक करून बघत राहिल्या. मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आलं गं तुला." बायकोचे डोळे भरून आले. मी कोपऱ्यात उभा होतो, आणि गर्दीतल्या प्रत्येकाला, अनोळखी असला तरी, "माझी बायको" असं सांगत होतो.

यशाने तिला हुरूप आला आणि तिने माझं चित्र काढायला घेतलं. मी कितीतरी रविवार खुर्चीत, विचारवंतासारखी मान तिरकी करून बसलो. छपाईचं प्रूफ पाहायला आम्ही दोघं गेलो, तर त्या भल्या माणसाने मूळ चित्र आणि प्रत खिडकीत शेजारी शेजारी लावली होती. तो फार काळजीत दिसत होता.

"बाई, रंग सगळे जुळलेत," तो म्हणाला, "पण साहेबांच्या चेहऱ्यावर काही भावच उमटत नाहीयेत. स्कॅनमध्ये माझंच काहीतरी चुकलं असणार. पुन्हा काढतो."

बायकोने प्रत पाहिली. मूळ चित्र पाहिलं. मग मला खिडकीच्या उजेडात उभं करून नीट पाहिलं.

"नको," ती म्हणाली, "अगदी हुबेहूब आलंय."