तात्या, रंगाची बंदूक आणि माझी एक चप्पल

आमच्या शेजारच्या तात्यांसमोर शिंकायची सोय राहिलेली नाही. कुणाचं नाक वर गेलेलं दिसलं की ते हातातला पेपर उघडून त्याच्यापुढे धरतात. शिंक पडली की कागद उन्हात धरून निकाल देतात, "मधी दाट, कडंला इरळ. नोझल बिघडलंय तुझं, शिवा!"

हे खूळ नवं. तात्या जन्मभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचत फिरले. रंगाशी संबंध दिवाळीपुरता. पण काकू पडल्या, खुबा मोडला. तो जुळला, चालायला वॉकर आला आणि ते चारपायी ॲल्युमिनियम बघून काकूंनी जाहीर केलं, "असलं दवाखान्याचं घिऊन मी गल्लीत यायची न्हाय. मोटारीगत चकाकलं तर बघू!"

काकू हे रागाने बोलल्या होत्या. तात्यांनी ती ऑर्डर समजली.

पूर्वी रोज पाच वाजता दोघं समोरच्या कट्ट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारायची. काकू पडल्यापासून तात्या एकटेच बसायचे. एकदा मी काकूंच्या जागेवर टेकलो तर म्हणाले, "तिकडं सरक. ती जागा भरलीया."

आधी त्यांनी ब्रशने रंग दिला. काकू म्हणाल्या, "गेटाला दिल्यागत दिलाय." जागोजागी रंग ओघळला होता. मग तात्या रंगाच्या बंदुकीमागे लागले. दोन महिने गॅरेजं पालथी घातली. तिथून फवारा आधी कागदावर मारून तपासायची खोड आणि एक वाक्य घेऊन आले, ते अजून सुटलेलं नाही : "गन कुणीबी घील, पण हवा पुरंल काय?" गल्लीतल्या पोराने मोठी गाडी घेतली, हवा पुरंल काय? कुणी निवडणुकीला उभा राहिला, हवा पुरंल काय?

खरेदीला त्यांनी मला नेलं. नेणारच. मी सायकलीवर भांडी लादून कागल-मुरगूडचे बाजार करत वर आलो. माझं दुकान उभं आहे ते भाव करूनच.

दुकानदाराने चकचकीत मोठी गन काढली. तात्यांनी ती तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेतली आणि मान हलवली. "भारी हाय ओ. पण खादाड जावई हाय ह्यो. लहान कंप्रेसरच्या टाकीतली हवा दोन घासात संपवंल, मग आम्ही टाकी भरायची वाट बघत बसायचं."

"मग मोठा कंप्रेसर घ्या की, पावणं."

"वॉकर रंगवायचाय, यष्टी न्हाय!"

शेवटी वर कप असलेली लहान गन, तिला पुरेल एवढा कंप्रेसर आणि हवेतलं पाणी अडवणारं भांडं ठरलं. पाण्याचा थेंब रंगात गेला की फोड येतात म्हणे. आता माझी पाळी. मी कंप्रेसरला गंजका म्हटलं, गनला खेळणं म्हटलं. दुकानदार उतरला. पाईप आणि ते भांडं फुकट द्या म्हटल्यावर अडला. मी उठलो. इथे माझी कला आहे. पहिली चप्पल सावकाश घालायची. दुसरीत पाय जायच्या आत दुकानदार हाक मारतो. आजवर चुकलेलं नाही.

एक चप्पल पायात होती. आतून आवाज आला, "बांधा ओ! लई स्वस्त पडलं!"

तात्या!

आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या आठ दिवसांत गल्ली मात्र कंप्रेसरच्या टरटराटाने दणाणली. तात्यांनी खोक्यांवर हात बसवला, माझी कचऱ्याची बादली न विचारता लाल केली, मांजराची शेपटी चुकून. मग वॉकर घासून, अस्तर देऊन दोरीला टांगला आणि पातळ-पातळ हात मारले. टोमॅटोसारखा लाल! पोरं बघायला जमली. राग होता तरी मीही गच्चीवरून बघत होतो. एक ओघळ नाही!

पण राग तो राग. आठव्या दिवशी पाचच्या ठोक्याला कट्ट्यावर जाऊन उभा राहिलो. "तात्या, तो दुकानदार मला हाक मारणारच होता!"

"म्हाईत हाय की."

"मग?"

"तुझा भाव अजून तासभर चालला असता. पाचला ती खिडकीत येती. मी कट्ट्यावर दिसलो न्हाय तर पडदा वडून घिती. मग दिवा लावला तरी उघडत न्हाय."

मी खिडकीकडे बघितलं. तात्याही बघत होते. पाच वाजून गेले होते आणि खिडकी रिकामी होती. ते अर्धवट उठले.

तेवढ्यात दार वाजलं. टक्. टक्. लाल वॉकर आधी आला, मग काकू. रस्त्याच्या मध्ये थांबून त्यांनी माझ्याकडे खालून वर बघितलं. "शिवाभावजी, सरका की. मोटार लावायचीया."

मी सरकलो. काकू आपल्या जागेवर बसल्या. तात्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

शिंकत तर कुणीच नव्हतं.