डोरोथीची पोळी

मी धनाजी. आपलं शिक्षण तिसरीपर्यंत, आणि त्यातलीही एक यत्ता मास्तरांच्या दयेवर. पण थापा मारायला शाळा लागत नाही. त्यामुळे इंग्लंडला माझं काही अडलं नाही. अडलं ते एका पोळीपाशी.

झालं असं. मुलगी शलाका आणि जावई अमोघराव तिकडे राहतात. म्हणाले, एप्रिलमध्ये या, बाबा, तेव्हा छान असतं. आमच्या गावी, गोत्रीत, एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं. आमच्याकडच्या गुजरातीत म्हटलं, चालशे! निघालो.

आता आमची ही, गंगाबाई, तिचा नियम असा की पहिली पोळी गाईची. गाईच्या पोटात गेल्याशिवाय ही घास घेत नाही. गोत्रीत गाय आपणहून फाटकाशी येऊन उभी राहते, उशीर झाला तर हंबरते. पण इंग्लंडच्या गल्लीत गाय कुठली? पहिल्याच दिवशी ही दुपारपर्यंत उपाशी.

मी म्हटलं, "दे इकडे. मागच्या बाजूला एक गाय बघितलीय मी."

कोपऱ्यावर बागेत बाकडं होतं. तिथं बसलो आणि पोळी खाल्ली. (मला शुगर आहे. घरात दोनच पोळ्या मिळतात. माणसानं करावं काय?)

"खाल्ली?"

"खाल्ली ना! चाटूनपुसून."

"रंग कसा आहे हो?"

"काळी-पांढरी. डोरोथी नाव आहे."

एवढ्यावर थांबायचं की नाही? पण आपला स्वभाव! तिसऱ्या दिवशी सांगितलं, डोरोथीला कोरडी पोळी उतरत नाही. चौथ्या दिवसापासून तूप. दहाव्या दिवशी गूळ. एकोणीस दिवस मी त्या बाकड्यावर गाय होऊन बसलो. मज्जा आवी गई!

विसाव्या दिवशी हिनं हळदीकुंकवाची पुडी काढली. "परवा निघायचं. डोरोथीला कुंकू लावून येते. एकोणीस दिवस तिच्या जिवावर जेवले मी."

हिला खरं कळलं तर हिचा नियम मोडला, तोही माझ्यामुळं. थट्टा वेगळी, हे वेगळं.

तेवढ्यात अमोघराव गाडीची किल्ली घेऊन आले. म्हणाले, आज समुद्रावर जाऊ. मी हिच्याआधी गाडीत. पण हिनं डबा घेतलाच. वर एक पोळी, तूप-गूळ लावलेली.

आणि काय सांगू तुम्हाला तो मुलूख! झाडाखाली जमीन निळी. कुणी नीळ सांडलीय म्हणून मी वाकून बोट लावलं, तर फुलं! लाखांनी! मेंढ्यांची पिल्लं, कालच जन्मलेली, उभ्या उभ्या चार पायांवर उडत होती, जणू खाली तवा तापलाय. आणि चालता चालता जमीनच संपली. कठडा नाही, काही नाही. पांढरा कडा सरळ खाली, आणि पुढं समुद्र, आभाळ कुठं लागतं ते कळेना. मी टोपी काढली.

"बाबा, बरं वाटत नाही का?" शलाका घाबरली. मला गप्प तिनं कधी बघितलं नव्हतं.

परतीची वाट कुरणातून होती, आणि कुरणात गाई. वीस-पंचवीस, काळ्या-पांढऱ्या. देवच पावला.

"ही बघ डोरोथी!" मी एका गाईकडे बोट केलं.

"इथं? गाडीनं दीड तास लागला की हो."

"रविवारी इथले सगळेच समुद्रावर येतात."

हिनं डबा उघडला आणि गोत्रीच्या सवयीनं हाक मारली, "ये गं, ये, ये, ये!"

एक नाही, सगळ्याच आल्या. धावत! जमीन हलायला लागली. मी पळालो. (बायकोला सोडून. हो. लिहा.) कुंपणावर एक पाय अलीकडे, एक पलीकडे, मध्ये अडकलो आणि मागं बघितलं.

ही जागची हलली नव्हती. पदर कमरेला, हात वर. "हं! रांगेत!" आणि ती धिप्पाड जनावरं गपकन थांबली हो. भोवती गोल करून, माना खाली. मागं सगळा समुद्र. मला वाटलं, कड्यासाठी टोपी काढली, ती उगाच आधी काढली.

तेवढ्यात शेताची मालकीण आली. शलाकाशी इंग्रजीत काहीतरी बोलली.

"आई, पोळी घालू नकोस. घरातलं अन्न गाईला द्यायला इथं कायद्यानं बंदी आहे."

ही माझ्याकडे वळली. "मग डोरोथीला कसं चालत होतं हो?"

कुंपणावरून उतरता येईना, त्यात त्या पंचवीस गाई माझ्याकडेच बघत होत्या. मी कबूल केलं. "मी खात होतो. तुझा नियम मी मोडला, गंगा. चुकलो."

"नियम कशाला मोडतोय?" ही डबा बंद करत म्हणाली. "पहिल्या दिवशी तुम्ही पोळी घेऊन निघालात तेव्हाच थाप ओळखली, आणि आपल्या शेजारच्या पूर्वीबेनला फोन करून गाईला पोळी घालायला लावली. ती रोज आपल्या फाटकाशी गाईला पोळी घालते. तिकडं दिवस साडेचार तास आधी उजाडतो. मी उठते तोवर गाईचं झालेलं असतं."

"मग माझी पोळी?"

"ती तुमचीच. दुपारी ताटात एकच पडत होती, वरणावर तूप नव्हतं, आमटीत गूळ नव्हता. एकोणीस दिवसांत कळलं नाही?"

खरंच कळलं नव्हतं. म्हणजे थंडीत कुडकुडत, लपून, मी माझीच पोळी चोरत होतो!

"पूर्वीबेनला हे सगळं माहीत आहे?" मी विचारलं.

"तर! रोज व्हिडिओवर गाय दाखवते आणि विचारते, आमची तर खाऊन बसली, धनाजीकाका चरायला गेले का?"