फ्रिजवरच्या बाटल्यांचा मान

माणूस आजारी एकटा पडतो. बरं मात्र त्याला सगळे पाहुणे मिळून करतात. कोल्हापूर जिल्ह्यात ही व्यवस्था अत्यंत कार्यक्षम आहे. पूर्वी पेशंटला बघायला जाताना शहाळं नि बिस्किटाचा पुडा नेत. आता बाटली नेतात. बाटलीत कॅप्सूल असतात आणि वर हिरवं पान छापलेलं असतं. पान छापलं की वस्तू औषध राहत नाही, निर्धोक होते (पान कशाचं, हे विचारायची पद्धत नाही).

शिवाजी पेठेतल्या आकारामतात्यांचं उदाहरण अभ्यासकांनी जरूर पाहावं. वय बहात्तर. गेल्या वर्षी हृदयात स्टेंट बसवली, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी चालू. बघायला आलेल्यांच्या बाटल्यांनी फ्रिजचा माथा भरला. पुण्याचे जावई अतुलराव यांनी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या. हातकणंगल्याचे व्याही कृष्णातराव यांनी लसणाचा अर्क. पेठ वडगावच्या बहिणीनं हळदीच्या गोळ्या. भिशीच्या मंडळींनी वर्गणी काढून स्मरणशक्तीसाठी काहीतरी दिलं (नाव तात्यांना आठवत नाही).

मिळालेली बाटली तशीच ठेवून देणं इतर मुलखांत चालत असेल. इथे पाहुणा पुन्हा येतो आणि बाटली हलवून बघतो.

"पावणं, अर्धी शिल्लक हाय की! आमचं काय इख हाय व्हय?" कृष्णातरावांनी विचारलं.

तात्यांनी त्यांच्यादेखत दोन गिळल्या. जावयाचा मान तर व्याह्यांच्याही वर.

तात्या निष्काळजी होते असं मात्र कुणी म्हणू नये. माशाच्या तेलाची कॅप्सूल सोमवारी चालते का, हा प्रश्न त्यांनी गुरवाला विचारला, भिशीत मांडला, जावयालाही फोन लावला. साधकबाधक चर्चेअंती सोमवारी तेवढी वर्ज्य ठरली. तीच कॅप्सूल रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर चालते का, हा प्रश्न मात्र कुणालाच विचारला गेला नाही. हृदयाच्या डॉक्टरांसमोर दुसऱ्यांच्या बाटल्या काढणं म्हणजे डॉक्टरांचाच अपमान! "आणखी काही घेता?" असं ते विचारत. तात्या म्हणत, "न्हाय सायेब, फकस्त तुमचंच." अशा रीतीने सर्व संबंधितांचा मान राहिला.

मग दाढ दुखू लागली. दातांच्या डॉक्टर प्रियदर्शनी यांनीही तोच प्रश्न विचारला आणि त्यांना उत्तर मिळालं, "फकस्त रक्त पातळ करायची गोळी." एका गोळीपुरती तयारी करून त्यांनी दाढ काढली. दाढ निघाली, पण रक्त थांबेना. संध्याकाळपर्यंत पंचा लाल झाला, तात्यांचा चेहरा पांढरा पडला आणि घरातले सगळे घाबरून एकमेकांना फोन करू लागले.

चिमणाबाईंनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, फोन केला नाही. फ्रिजवरच्या सगळ्या बाटल्या पिशवीत भरल्या, तात्यांना रिक्षात घातलं आणि पिशवी डॉक्टर प्रियदर्शनींच्या टेबलावर ओतली.

"मॅडम, ह्ये समदं खात्यात बघा. पावण्यांचा मान गेला तर जाऊ दे, माझा माणूस ऱ्हाऊ दे."

डॉक्टरांनी बाटल्या वाचल्या. "काका, रक्त पातळ करायला एक गोळी होती. ह्या सगळ्या बाटल्या तिच्याच मदतीला आल्यात."

टाके पडले, एक रात्र दवाखान्यात गेली, रक्त थांबलं. गोळी हृदयाच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू राहिली आणि बाटल्या बंद झाल्या. इतकं रक्त गेलं म्हणून पाहुणे पुन्हा बघायला आले. यावेळी रक्त भरून यायच्या बाटल्या होत्या. चिमणाबाईंनी त्या उंबऱ्यावरूनच परत पाठवल्या. तीन घरांशी बोलणं बंद आहे, तात्यांची तब्येत उत्तम आहे.

आपण हसलात, बरं वाटलं. तुमच्या आई-वडिलांच्या फ्रिजवरही तुम्ही प्रेमानं दिलेली एक बाटली आहे. ती संपली का, हे मागच्या फोनवर तुम्ही आठवणीनं विचारलंत. तिच्या शेजारी पडलेली डॉक्टरांची गोळी कशासाठी आहे, हे तुम्हाला अजून ठाऊक नाही.