डोमाजी मिस्त्रीची ट्रायल

डोमाजी मिस्त्री माणसाशी बोलायच्या आधी त्याच्या गाडीच्या चाकांना हात लावायचा. गाडी अंगणात शिरली की हा उकिडवा बसणार, हाताची मागची बाजू चाकाच्या मधोमध टेकवणार आणि डोळे मिटणार. चारही चाकं झाली की मगच मालकाकडे वळून, "हं, बसा." अख्ख्या बालाघाटात त्याच्याइतका ब्रेकचा जाणकार नव्हता, आणि त्याच्याइतका तुसडाही नव्हता.

तुसडेपणा सगळा ड्रायव्हर लोकांवर. यंत्राला रोग नसतो, असं त्याचं ठाम मत. "बीमारी ड्रायव्हरच्या पायात असते," तो म्हणायचा. आणि त्याच्याच एकुलत्या एका मुलीनं, शांतानं, परसवाड्याच्या ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं. बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांना डोमाजीनं तोंडावर सांगितलं होतं की पोरगा उतारावर गिअर बदलत नाही, नुसता ब्रेक दाबतो. लग्नाला तो गेला नाही. त्याला पाच वर्षं झाली, बापलेकीत शब्द नाही. बायको त्याआधीच गेलेली. सकाळी एकदा भात टाकायचा आणि तोच दोन वेळा खायचा, असा त्याचा संसार.

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. मी तेंदूपत्त्याची लहानशी ठेकेदारी करायचो आणि लिलावात घेतलेली जुनी जीप स्वतःच हाकायचो. म्हणजे त्याच्या लेखी मीही ड्रायव्हरच. या जीपची मागची दोन्ही चाकं धरायला लागली. निघताना ठीक असायची. चार-पाच मैलांत दोनदा ब्रेक दाबला की जाम. झाडाखाली अर्धा तास बिडी ओढत बसलं की आपोआप सुटायची. सुटतात ना, मग घाई कसली, असं म्हणत मी महिना काढला. शेवटी लामत्याजवळ जीप सरळ धानाच्या बांधीत उतरली, तेव्हा अक्कल आली.

डोमाजीनं हात लावला. पुढची थंड, मागची दोन्ही तापलेली. त्यानं मागची बाजू जॅकवर उचलली, चाक हलेना. चाकाजवळचा बारका स्क्रू सैल केल्याबरोबर तेलाची पिचकारी उडाली आणि चाक भिरभिर फिरलं. पुन्हा ब्रेक दाबून चाक धरू दिलं आणि या वेळी त्यानं पुढचा जोड सोडला, लोखंडी नळी जिथं मागच्या रबरी नळीला मिळते तिथला. चाक जागचं हललं नाही. म्हणजे तेल अडकत होतं ते त्या हातभर रबरी नळीतच. त्यानं ती चाकूनं चिरली. आतून भिजवलेल्या चण्यासारखी फुगली होती. बोटाला लागलेलं तेल हुंगून त्यानं विचारलं, यात काय टाकलं होतं. ब्रेकचं तेल संपलं म्हणून मी इंजिनचं उरलेलं ओतलं होतं; तेल ते तेल, असा माझा हिशेब.

"दूध संपलं का चहात चुना टाकता काय, भाऊ?" एवढंच तो म्हणाला आणि सगळी रबरं बदलायला बसला.

दुरुस्ती झाली की ट्रायल. ती नेहमी परसवाड्याच्याच रस्त्यानं, आणि मालकानं गाडी चालवायची. ब्रेक घाटातच बोलते, असं तो सांगायचा. गावात सगळ्यांना खरं कारण ठाऊक होतं, पण कोणी चकार शब्द काढत नसे. परसवाड्यात पिठाच्या गिरणीशेजारच्या एका कौलारू घरासमोर तो गाडी थांबवायला लावी, दहा मिनिटं चाकं तपाशी, आणि म्हणे, चला. दाराकडे मान वळवायची नाही, हाक मारायची नाही.

माझ्या जीपनंही आम्ही तिथं पोचलो. डोमाजी उतरला आणि चाकाशी बसला. मी दाराकडे पाहिलं. दाराला कुलूप होतं. त्यानं चारही चाकं तपासली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेजारची बाई ओट्यावर आली.

"शांता भिलाईले गेली, मिस्त्री," ती म्हणाली. "नवऱ्याले तिकडं काम लागलं. पंधरा दिवस झाले."

"मी कोणाले पाहाले नाही आलो, बाई. गाडी पाहून राह्यलो."

"ठाऊक हाय. शांता बी खिडकीतून पाहत राहे." बाई जरा थांबली. "सामान बांधून दोन दिवस दारात बसून होती. म्हणे, या हप्त्यात एखादी गाडी येईनच."

त्या आठवड्यात गाडी गेली नव्हती. दुरुस्तीला न्यायची एक होती, माझीच; ती मी झाडाखाली थंड करत बसलो होतो. मला त्या बाईकडे पाहवेना.

डोमाजीचा हात चाकावरच होता. चाक थंड असणार. नवी रबरं त्यानं स्वतः घातली होती. मग तो गुडघ्यांवर हात देऊन उठला, जीपमध्ये बसला. अर्धा रस्ता मागे पडला.

"भाऊ," तो समोर बघतच म्हणाला, "भिलाईच्या रस्त्याले घाट लागते काय?"

भिलाईला मी चार वेळा गेलो होतो. त्या रस्त्याला, माझ्या आठवणीप्रमाणे, सारं सपाट रान.

"लागतो," मी म्हटलं. "चांगला मोठा."