तीन सूत वर

आमच्या समोरचे अप्पा बोलताना एक डोळा मिटत. नव्या माणसाला वाटे, डोळा मारतात. त्यावरून सुरतेजवळच्या भेस्तानच्या आमच्या सोसायटीत दोनदा गैरसमज झाले. एकदा प्रकरण चेअरमनपर्यंत गेलं. प्रत्यक्षात अप्पा समोरचा माणूस सरळ रेषेत आहे का, ते बघत. धुळ्याकडचे, जवळच्या सचिन गावी कारखान्यांत लूम बसवणारे फिटर. माझ्या मिशीबद्दल त्यांचं कायमचं मत होतं, "उजवी बाजू अर्धं सूत खाली शे, भो." मी फूटपट्टीनं मोजली. होती.

त्यांची मुलगी मंगल कॉलेजातून एअर रायफलच्या नेमबाजीत उतरली आणि अप्पांना रान मोकळं झालं. जुन्या रायफलच्या नळीवर त्यांनी स्वतः रेल बसवली, म्हणजे खाचांची लांब पट्टी. तिच्यावर नेमाचे भाग सरकवून कसायचे: मागे डोळा लावायची भोकाची चकती, पुढे गोल कडं. एक स्क्रू कसला की एक चहा. मी अकरा मोजले.

स्पर्धेच्या चार दिवस आधी म्हणाले, "भाऊ, बाजारातून तीन सूत पट्टी घेऊन या."

मी सुती पट्ट्या आणल्या. तीन. एकेक मीटर, समोर मोजून घेतलेल्या.

अप्पांनी त्या चिमटीत धरल्या. "हाई बंदूक शे भो, पायजमा नही!"

मंगल हसून हसून खालीच बसली. फिटरचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. सुरतेत राहून दुसरं सूत डोक्यात येणार तरी कसं!

शेवटी त्यांनीच ॲल्युमिनिअमच्या पट्टीचे दोन ठोकळे कापले, रेल आणि नेम यांच्यामध्ये घालायला. मी हिशेब केला: साडेनऊ मिलिमीटर.

"अप्पा, दोन्ही नेम इतके वर कशाला? बाकीच्यांचे तर खालीच असतात."

मंगल आत जाईपर्यंत ते थांबले. "सहा वर्षांची असताना जिन्यावरून पडली. मी कामावर होतो. तेव्हापासून मान पुरती झुकत नाही. झुकवली की कळ येते, स्पर्धा निम्म्यात सोडून देते. कॉलेजचे सर म्हणाले, रविवारी चाळीस छर्रे पुरे झाले नाहीत तर संघातून नाव कापू." रायफलच्या दस्त्यावरची, गाल टेकायची फळी त्यांनी आधीच उचलून ठेवली होती. तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, "पोरनी मान नही वाकत, तर बंदूक वर यी ना भो."

रविवारी अप्पा हॉलमध्ये आलेच नाहीत. बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

तासाभरानं मी धावत बाहेर आलो. "अप्पा, चाळीसही पुरे! चारशेपैकी तीनशे एकोणपन्नास, नंबर सातवा, शेवटच्या दहा छऱ्यांत तर..."

"ते राहू द्या. मान दुखली का तिची?"

सगळे आकडे माझ्याजवळ होते. एवढं विचारायचं राहिलं होतं. मी परत आत गेलो. मंगल रायफल खोक्यात ठेवत होती आणि चक्क गुणगुणत होती.