सोळा दोरांचं मैदान

फुशारकी मारायची मला सवय नाही. पण लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात फितीशिवाय चारशे मीटरचा ट्रॅक आखून दाखवणारा एकच माणूस होता, आणि तो म्हणजे मी! शिवमूर्ती सर, आमच्या कॉलेजचा फिजिकल डायरेक्टर!

तशी कॉलेजला फीत होती. ती उंदरांनी खाल्ली. नव्या फितीसाठी अर्ज केला, तर जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणाली, "तुम्ही आता आमचे नाही." नव्या जिल्ह्याची कचेरी म्हणाली, "सर, आमच्याच खुर्च्या अजून यायच्यात!" मग मी डोकं चालवलं. कॉलेजच्या मागं विहीर होती आणि विहिरीवर अंबाडीचा लांबलचक दोर. एका ओव्हरसियरची फीत तासाभरासाठी मागून आणली आणि तो दोर मोजला. बरोब्बर पंचवीस मीटर! सोळा वेळा दोर टाकला की चारशे मीटर. ना अर्ज, ना कचेरी! दर वर्षी दिवाळी झाली की मी आणि आमचा शिपाई मडिवाळप्पा तो दोर विहिरीवरून काढायचो, मैदानावर सोळा वेळा टाकायचो आणि पांढरी फक्की मारायचो. प्राचार्य गच्चीवरून बघायचे आणि म्हणायचे, "शिवमूर्ती, तुम्ही इंजिनियर व्हायला पाहिजे होतं." मी नम्रपणे मान खाली घालायचो, पण मलाही तसंच वाटायचं.

आमच्या कॉलेजात शहजादी नावाची पोरगी होती. चाकूरच्या कल्हईवाल्या चांदपाशाची लेक. लातुरात खालाकडं राहायची आणि पहाटे मैदानावर हजर. तिची शर्यत आठशे मीटरची, म्हणजे मैदानाचे दोन फेरे. पहिल्याच वर्षी तिनं दोन मिनिटं वीस सेकंद दिले. विद्यापीठाच्या निवड चाचणीला बोलावणं यायचं तर दोन-अठराच्या आत पाहिजे. दोन सेकंदांनी हुकलं! मी म्हणालो, "पोरी, पुढच्या वर्षी तू विद्यापीठात, त्याच्या पुढच्या वर्षी भारताच्या संघात आणि मग परदेशात! लिहून ठेव!"

तिनं खरंच वहीत लिहून ठेवलं.

आणि मग दुष्काळ आला. विहिरी आटल्या, नळाला चार दिवसांआड पाणी आणि माझ्या मैदानावर भलतंच होऊ लागलं. पोरं हळू पळायला लागली! एक नाही, दोन नाही, सगळीच्या सगळी. शहजादीनं दुसऱ्या वर्षी दोन-बावीस दिले.

"सर, मी तर आदीपेक्षा जोरात पळून राहिले," ती धापा टाकत म्हणाली.

"मग हे घड्याळ खोटं बोलतंय का?" मी स्टॉपवॉच तिच्या नाकासमोर धरलं. घड्याळ अजिबात खोटं बोलत नव्हतं. तिचं नाव मी पाठवलं नाही.

आता माझ्यासारखा विचारी माणूस गप्प कसा बसणार? मी अहवाल लिहिला! 'दुष्काळ आणि धावपटूंचा दम'. चौदा पानं. पाणी कमी, भाजी कमी, म्हणून दम कमी, असा सिद्धांत. नव्या जिल्ह्याच्या साहेबांना काहीतरी नवं हवंच होतं. त्यांनी मला बैठकीत उभं केलं, माझं भाषण झालं, पेपरात फोटो आला आणि पोरांना रोज हरभरे-गूळ सुरू झाला. पोरं पोतंभर हरभरे खाऊन पळू लागली. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर मी पुन्हा ट्रॅक आखला, वेळ घेतली, तर आणखी हळू! शहजादी दोन-चोवीस! मी अहवालाला पुरवणी जोडली, 'हरभरेही निष्प्रभ'.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चांदपाशा लातूरला आला तेव्हा मला भेटला आणि हात जोडून म्हणाला, "सर, एक स्थळ आलंय उदगीरचं. पण पोरगी म्हणती मला पळायचंय. तुमी सांगा. हाय का तिच्यात काई? तुमी हाव म्हणा, मी त्या लोकांना परत धाडतो."

आणि मी, अनुभवी माणसाच्या थाटात चहाचा घोट घेऊन म्हणालो, "पाशाभाई, दर वर्षी दोन सेकंद मागं चाललीय. दम नाही राहिला पोरीत. उरकून टाका."

हे वाक्य मी उच्चारलंय. आज लिहितानाही कान तापतात.

माझा अहवाल फिरत फिरत औरंगाबादला, विद्यापीठाच्या निवड समितीतल्या एका साहेबांच्या हाती पडला. दुष्काळानं थकलेली पोरं बघायला ते स्वतःच लातूरला आले! बुटके, टक्कल पडलेले, हातात चामडी पेटी. नेमकी त्याच सकाळी शहजादी कॉलेजचे स्पाइक परत करायला आली होती.

"सर, हे बूट घ्या. सुक्करवारी लोक बघायला येनार हायेत." ती माझ्याकडं बघत नव्हती.

साहेब म्हणाले, "बेटा, शेवटचं एकदा पळून दाखव."

ती पळाली. दोन-तेवीस! मी खांदे उडवले. "बघितलंत? दुष्काळ!"

साहेबांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ते तिच्या पायांकडं बघत होते. "ही पावलं दोन-तेवीसची नाहीत हो. मैदान कशानं मोजलंय?"

"सोळा दोर!" मी छाती काढून म्हणालो. "मडिवाळप्पा, दोर आण!"

साहेबांनी पेटीतून पोलादी फीत काढली आणि दोर जमिनीवर ताणून धरला. पंचवीस झाले, सव्वीस झाले, सत्तावीसवर दोर संपला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "मडिवाळप्पा! हा दोर वाढला कसा?"

मडिवाळप्पाचा चेहरा उलट खुलला. "वाढला न्हाई सर, म्या वाढीवला! पानी खाली गेलं की. पैल्या साली एक मीटर, औंदा आनिक एक. सांधा कुटं दिसतो का बघा! असा पीळ अख्ख्या लातुरात कुनाला येत न्हाई!"

"अरे, मग मला सांगायचं नाही?"

"तुमी कदी पानी शेंदलं असतं तर सांगनार ना सर."

दोन वर्षं त्याच विहिरीचं पाणी मी तांब्या तांब्यानं प्यायलो होतो!

साहेब कागदावर आकडे मांडत होते. सोळा दोर म्हणजे चारशे बत्तीस मीटर. पोरगी आठशेच्या नावाखाली आठशे चौसष्ट पळत होती. "हिची खरी वेळ दोन-बाराच्या आसपास आहे," ते सावकाश म्हणाले. "शनिवारी सकाळी हिला औरंगाबादला घेऊन या. शनिवार चुकला तर हे वर्ष गेलं." मग त्यांनी माझा चौदा पानी अहवाल पुरवणीसकट मला परत दिला. शहजादीनं स्पाइक पोटाशी धरले. "अब्बांना तुमीच सांगा सर," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी चाकूरच्या यष्टीत बसलो. वाटेत खूप भाषणं तयार केली. पोचलो तर दारात चपलांचा ढीग! उदगीरचे पाहुणे आधीच बसले होते. मुलाचे मामा जिलानीमियाँ बशीतून चहा पीत होते. मला बघून चांदपाशा उठला. "या या सर! हेच ते सर, यांनीच सांगितलं उरकून टाका म्हनून!"

सगळ्यांनी मला आदरानं जागा दिली. मी बसलो नाही.

"पाशाभाई, पोरगी हळू नाही! माझं मैदान मोठं आहे!"

जिलानीमियाँनी बशी खाली ठेवली. "मुलगी बघायला आलोय आमी. मैदानाचं काय?"

"आठशेला चौसष्ट मीटर जास्त पळत होती हो ती!"

"चौसष्ट मीटर म्हंजे किती हात?"

"सव्वाशेच्या वर!"

"या अल्लाह," ते हळहळले, "सव्वाशे हात फुकट पळवलं पोरीला?"

मग मला सगळं सांगावंच लागलं. विहीर, दोर, मडिवाळप्पाचा पीळ, हरभरे. पडद्याआडून बायकांचं खुसुखुसु हसणं ऐकू येत होतं. चांदपाशा मात्र हसला नाही. कल्हई करून करून काळी पडलेली बोटं त्यानं एकदा निरखली आणि म्हणाला, "सर, भोक तुमच्या भांड्याला, अन् ठोके माझ्या पोरीला?"

मी मान खाली घातली. या वेळी नम्रपणा नव्हता.

जिलानीमियाँ भला माणूस. तेच म्हणाले, "पाशाभाई, पोरीला जाऊ द्या. आमचं काय, आमी पुन्ना येऊ. पन या सरांना मांडवाचं माप घ्यायला लावू नका!" एवढं हसू उसळलं की माझ्यापुढं ठेवलेला चहा तसाच सोडून मी दाराकडं वळलो.

शनिवारी औरंगाबादच्या खऱ्या चारशे मीटरच्या ट्रॅकवर शहजादीनं दोन-अकरा दिले. पुढचं तुम्ही पेपरात वाचायला हवं होतं. विद्यापीठ, मग देश, आणि दुसऱ्या वर्षी परदेशातली आशियाई स्पर्धा. पाचवी आली! आमच्या नव्या जिल्ह्यातली पोरगी आशियात पाचवी!

लातुरात मोठा सत्कार झाला. तिचा तर झालाच, पण माझाही! मी नको नको म्हणत होतो. अध्यक्षांनी विचारलं, "बेटा, यशाचं रहस्य काय?" शहजादी माइकजवळ गेली. आता दोर निघणार!

"सर आमाला चारशेच्या जागी चारशे बत्तीस पळवायचे," ती म्हणाली. "म्हून खरे आठशे लई सोपे वाटले."

टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्ष म्हणाले, "वा! याला म्हणतात दूरदृष्टी!" माझ्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. मी उठून खरं सांगायला हवं होतं. उठलोही. पण लोकांना वाटलं मी आभार मानतोय, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या आणि मी बसलो. खोटं का बोलू? त्या टाळ्या गोडही लागल्या.

सत्कार संपल्यावर ती चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आली.

"सर, एक विचारू? सेकंड इयरला तुमी माझं नाव पाठवलं न्हाई. तवा बी मी बसत होते ना?"

तो हिशोब मी केव्हाच केला होता. सव्वीस मीटरचा दोर. दोन मिनिटं साडेसोळा सेकंद. तिचं एक अख्खं वर्ष गेलं होतं.

"होतीस," मी म्हणालो.

"मी बी मोजलं होतं," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिनं कप माझ्या हातात दिला. "चा घ्या सर, थंड होऊन राहिला."

त्या दिवशी मिळालेल्या सन्मानपत्रावर ठळक अक्षरांत छापलंय, 'अचूक मार्गदर्शक'. माझ्या बायकोनं, बसम्मानं, ते काचेत घालून बैठकीत लावलंय. पाहुणे आले की ते भिंतीकडं बघतात, आणि मी भिंतीकडं पाठ करून बसतो.