लांबच्या दुकानातला डायनासोर

"या वेळी पोरीला बघून कोणी 'ही काय झालीये?' असं विचारलं, तर मी मिशी उतरवीन!" कागद कारखान्याच्या स्टोअरकीपरने भर जेवणात जाहीर केलं.

बायकोने त्या मिशीकडे एकदा नीट बघून घेतलं. गेल्या वर्षीच्या वेशभूषा स्पर्धेत याच गृहस्थाने लेकीला जुन्या गादीचा कापूस चिकटवून फ्लॉवरचा गड्डा केलं होतं. कारखान्याच्या वसाहतीच्या हॉलमध्ये सगळे तिला ढग म्हणाले, एका आजोबांनी तर चक्क म्हातारी म्हटलं, आणि पोर घरी येईपर्यंत हमसून हमसून रडली. "मी पुन्हा कध्धी जाणार नाही!" असं तिने तेव्हाच ठणकावलं होतं. बापाने नाकदुऱ्या काढून तिला आता कसंबसं तयार केलं होतं. यंदा फजिती झाली असती, तर पोरीने त्याच्यावर पुन्हा विश्वास ठेवला नसता.

स्पर्धेची अट एकच. पोशाख घरीच बनवायचा आणि तोही वापरलेल्या वस्तूंपासून. जुन्या कपड्यांच्या खरेदी-विक्रीचं एक दुकान वसाहतीच्या फाटकासमोरच होतं. पण तिथे जायचं कसं? कोणी पाहिलं तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात अब्रूचा पंचनामा! म्हणून स्टोअरकीपर दोन बस बदलून गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेला आणि एक गाठोडंच उचलून आला. त्यात हिरवा जाड कोट होता, मण्यांची पर्स होती, पिवळ्या टायांचा जुडगा होता आणि एक विटकरी मफलर होता.

मग त्याने खोलीला आतून कडी घातली.

"अहो, निदान शिवण तरी मी घालून देते!" बायको दाराबाहेरून म्हणाली.

"अजिबात नाही! कलाकाराला एकांत लागतो!"

आतून मधूनमधून "आई गं!" ऐकू यायचं. सुई कापडापेक्षा बोटातच जास्त जात होती. पण खरं सांगायचं तर डायनासोर झाला झकास! कोटाचं अंग, टाय कापून केलेले पाठीवरचे काटे, उघडमीट करणारं पर्सचं तोंड आणि मफलरमध्ये रद्दी कोंबून केलेली, कमरेला बांधायची ही भलीमोठी शेपटी!

लेकीने आरशात पाहिलं. "बाबा, मी मलाच घाबरले!" ती म्हणाली, आणि स्टोअरकीपरला अगदी भरून आलं.

हॉलमध्ये ती स्टेजवर आली, तिने डरकाळी फोडली, तोंड खटकन मिटलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! 'ही काय झालीये?' असं कोणी म्हणजे कोणी विचारलं नाही. स्टोअरकीपरने बायकोकडे बघून मिशीला पीळ दिला.

एवढ्यात पहिल्या रांगेतून मॅनेजरसाहेब उठले. "थांबा! तो कोट माझा आहे!"

"काहीतरीच काय!" त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "हिरवा कोट काय जगात एकच असतो?"

"खिशाखाली माझ्या पेनाच्या शाईचा डाग आहे! तू म्हणालीस लाँड्रीवाल्याने हरवला. मी त्या माणसाशी वर्षभर बोलत नाहीये!"

"असं? मग पाठीवरचे काटे बघा! माझ्या भावाने दिलेले टाय ना ते? ऑफिसातून चोरीला गेलेले?"

मॅनेजरसाहेब मटकन खाली बसले. तोवर मागून हेडक्लार्कबाई कडाडल्या. "अहो डॉक्टरीणबाई, मी तुम्हाला दिलेली पर्स डायनासोरच्या तोंडात कशी? मणी न् मणी मी स्वतः ओवलाय! जपून ठेवलीये म्हणालात ना?"

हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून अख्खी वसाहत लांबच्या दुकानात नको असलेले कपडे नि आहेर विकून येत होती! फाटकासमोरचा दुकानदार बिचारा माश्या मारत बसायचा.

मग काय, जो तो स्टेजवर! कोट गेला, टाय उसवले गेले, पर्स ओढून काढली. फ्रॉक आणि शेपटी एवढ्यावर पोर उभी राहिली. तिचा ओठ थरथरू लागला.

सूत्रसंचालक गोंधळून म्हणाला, "बाळ, तू आता... काय झालीयेस?"

नेमका तोच प्रश्न! स्टोअरकीपरचा हात आपोआप मिशीवर गेला.

पोरीने स्टेजवरची ओढाओढ पाहिली, नाक पुसलं आणि माईक हातात घेतला. "मी सेल संपल्यावरचं दुकान!"

हॉल हसून हसून लोळला, आणि या वेळी ती स्वतःही हसत होती. पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

"पाहिलंस?" स्टोअरकीपर छाती फुगवून बायकोला म्हणाला. "लोक तरी काय एकेक लपवतात! प्रेमाने दिलेली वस्तू विकायची म्हणजे... शी! मॅनेजरसाहेबांचं तोंड बघितलंस का?"

बायको लेकीची शेपटी सोडवत होती. तिने आतली रद्दी काढली, मफलर उलगडला आणि दिव्यासमोर धरला.

"इथे माझा टाका चुकला होता," ती शांतपणे म्हणाली.

"तुझा?"

"तुमच्या वाढदिवसाला विणला होता मी. कारखान्यात हरवला म्हणाला होतात."

स्टोअरकीपर दिव्याजवळ येऊन तो चुकलेला टाका बघू लागला.

"विकलात, ते एक वेळ ठीक. पण परत आणलात, दहा ठिकाणी सुया टोचल्यात, तरी ओळखला नाहीत?"

बाहेर मरणाचं उकडत होतं. स्टोअरकीपर गळ्याभोवती मफलर घट्ट गुंडाळून, घामाने निथळत घरी निघाला. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय हो, घसा बसलाय का?"

"छे छे!" तो बायकोकडे बघत मोठ्याने सांगायचा. "हिने विणलाय! फार उबदार आहे!"